नदीवरचा तो निबंध

३ फेब्रुवारी

बाबा,

अक्षर ओळखलं असेलच. मायना काय लिहावा यावर अर्धा कागद वाया घालवला आणि शेवटी नुसतं 'बाबा' ठेवलं. फोन केला असता तर तुम्ही "थांब, दादाला देतो" म्हणाला असता, आणि दादाने हवापाण्याचं सांगून फोन ठेवला असता. पत्र दादाकडे देऊन टाकता येत नाही, म्हणून पत्र.

काम तसं किरकोळ आहे. आमच्या कॉलेजात एक समिती आहे. कुणी परीक्षेत कॉपी केली, दुसऱ्याचं लिखाण आपलं म्हणून दिलं, असली प्रकरणं तिच्यापुढे येतात. संख्याशास्त्र शिकवणाऱ्याला कुणाचीच माया नसते अशी इथे समजूत आहे, त्यामुळे मला त्या समितीत घेतलंय. सध्या आमच्याकडे भूगोलाच्या दुसऱ्या वर्षाचा एक निबंध आलाय. विषय : नदी वळणं का घेते.

भूगोलाचे सर म्हणतात, हा निबंध त्या मुलीने लिहिलेला नाही. आजकाल निबंध लिहून देणारी संकेतस्थळं निघाली आहेत. प्रश्न पाठवायचा, कधीपर्यंत हवा ते सांगायचं, पलीकडे बसलेला कुणी अनोळखी माणूस लिहून देतो. कुठून उतरवलेलं नसल्यामुळे आमचं तपासणीचं मशीन त्याला निर्दोष ठरवतं. या निबंधालाही ठरवलं. सरांना संशय आला तो एका वाक्यामुळे. वाक्य असं : "वळणाच्या बाहेरची कड खचते आणि आतल्या बाजूला वाळू साचते हे ठीक; पण मुळात पहिलं वळण कशाने सुरू होतं, याचं समाधान होईल असं उत्तर मला माहीत नाही."

सर म्हणाले, "विद्यार्थी एक वेळ काहीही लिहील, पण 'मला माहीत नाही' असं लिहिणार नाही. आणि विकत लिहून देणारा तर मुळीच लिहिणार नाही. मग हे लिहिलं कुणी?"

मला त्यांचा प्रश्न आवडला. निबंध घरी आणला, जेवताना वाचला, आणि जेवण झाल्यावर पुन्हा वाचला.

तुम्ही जन्मभर नद्याच शिकवल्यात, म्हणून तुम्हाला दोन गोष्टी विचारायच्या आहेत. चहा ढवळल्यावर पत्ती कडेला न जाता मधोमध का गोळा होते, यावरून निबंधात वळणातली वाळू समजावली आहे. हे उदाहरण पुस्तकांत सर्रास असतं, की मोजकेच लोक असं शिकवतात? आणि पहिल्या वळणाचं खरंच कुणाला माहीत नाही का?

दादाला फोन केला होता. म्हणाला, तुम्ही हल्ली दिवसभर संगणकापुढे असता आणि जेवायला दोनदा हाक मारावी लागते. एवढं काय करता ते त्यालाही माहीत नाही म्हणे.

धाकटी


१९ फेब्रुवारी

बाबा,

पत्र मिळालं. चार पानं, दोन्ही बाजूंनी, नदीबद्दल. माझ्याबद्दल एक ओळ : "तुझा ख अजूनही रव वाचला जातो." तुमची ख्यालीखुशाली विचारायची पद्धत ही असावी असं समजून मी ती ओळ परत वाचली.

चहाचं उदाहरण जुनं आहे, खूप जणांनी वापरलंय, हे कळलं. पहिल्या वळणाबद्दल तुम्ही तीन मतं दिलीत, तिन्हींतली खोट दाखवलीत आणि शेवटी "मला माहीत नाही" लिहिलंत. ठीक.

सुनावणी परवा झाली. मुलीचं नाव लिहिणं नियमात बसत नाही. सकाळी ती एका लाँड्रीत काम करते आणि तिथून धापा टाकत वर्गात येते, म्हणून वर्गाने तिला 'घाई' नाव ठेवलंय. मीही तेच वापरते. खोलीत ती, आमच्या अध्यक्षबाई, भूगोलाचे सर आणि मी. अध्यक्षबाई कायदा शिकवतात आणि आवाज न चढवता माणसाला घाम फोडतात.

"हा निबंध तुझा?" त्यांनी विचारलं.

"माझ्या नावाचा आहे," घाई म्हणाली.

अध्यक्षबाईंची भुवई वर गेली, पण सरांना धीर निघेना. "पहिलं वळण कसं सुरू होतं ते माहीत नाही, असं लिहिलंयस. म्हणजे काय?"

"म्हणजे खरंच नीट माहीत नाही, सर. काही जण म्हणतात, काठावरचं झाड पडतं, दगड आडवा येतो, आणि पाणी एका बाजूला ढकललं जातं. पण आमच्या लाँड्रीमागे पाण्याचा चर आहे. सरळ खणलेला. त्यात झाड नाही की दगड नाही. तरी वाळू एकदा डावीकडे बसते, मग थोडं पुढे उजवीकडे, मग परत डावीकडे. कडा अजून सरळच आहेत, पण पाणी आतल्या आत वळायला लागलंय."

"हे कुठे वाचलंस?"

"वाचलं नाही. बघितलं. पुस्तकातही असेलच."

"असतं," सर म्हणाले, आणि खुर्ची पुढे ओढून बसले.

मग त्यांनी विचारलं की मोठ्या नदीची वळणं मोठी का असतात. तेव्हा ती बेधडक म्हणाली, "मोठ्या नदीला आमच्यासारखी पळापळ नसते म्हणून." यावर सगळेच हसलो, ती सोडून. तिला उत्तर बरोबर वाटत होतं.

ती बाहेर गेल्यावर सरांनी पूर्ण कूस बदलली होती. तक्रार करणारे तेच आणि आता वकील तेच. "पोरीला विषयात रस आहे, आणखी काय पाहिजे?" अध्यक्षबाई म्हणाल्या, रस असला म्हणजे लिहिलंही तिनेच असं होत नाही, पण पुरावा काही दिसत नाही. मला मत विचारलं. मी म्हणाले, आज देत नाही. कारण विचारलं तर म्हणाले, डोकं दुखतंय. तिघांचं मत लागतं, त्यामुळे निकाल पुढे गेला आणि दोघंही माझ्यावर नाराज होऊन चहाला गेले.

डोकं दुखत नव्हतं, हे तुम्हाला सांगायला हरकत नाही.

तुम्ही संगणकावर काय करता, या माझ्या शंकेला तुमच्या चार पानांत जागा मिळाली नाही. आता एकच पान लिहा आणि तेवढंच लिहा.

धाकटी


२ मार्च

बाबा,

उत्तर आलं नाही. दादा म्हणाला की पत्र मिळालंय, टेबलावर उघडं पडलंय, आणि ते आल्यापासून तुम्ही संगणक सुरू केलेला नाही. तेव्हा आता आडून आडून विचारण्यात अर्थ नाही. तो निबंध तुम्ही लिहिलात.

चहाची पत्ती सगळेच सांगत असतील. "कप काचेचा घ्यावा आणि खालून पाहावं," हे निबंधातलं वाक्य मात्र सगळे सांगत नाहीत. मी आपल्या काचेच्या टेबलाखाली उताणी पडून ती पत्ती गोळा होताना पाहिली आहे. तुम्ही वरून ढवळत होता आणि आई म्हणत होती, पोरीच्या डोळ्यांत गरम चहा पडेल. आणि कप नसता तरी मी ओळखलं असतं. कागदावर 'मला माहीत नाही' लिहिणारा माणूस मला दुसरा भेटलेला नाही.

पहिल्या पत्रातच हे का लिहिलं नाही? तुम्ही स्वतःहून सांगता का ते पाहायचं होतं. आणि खरं सांगायचं तर तुमचं पत्र यावं असंही वाटत होतं, मग ते वाळूबद्दल का असेना.

शेवटच्या वर्षाला मी तुमच्या वर्गात होते. माझा नदीवरचा अहवाल तुम्ही सगळ्यांसमोर टेबलावर ठेवलात आणि म्हणालात, "यातली वाक्यं माझी आहेत. स्वतःची लिहून आण." मी आणली नाहीत. विषय सोडला, घरही सोडलं. बाबा, माझ्याकडे दुसरी वाक्यं कुठून असणार होती? जेवणाच्या ताटावर, रस्त्याने चालताना, आजारपणात उशाशी बसून तुम्ही जे बोलत होता तेच माझ्या कानांत होतं. पोटच्या मुलीला जी वाक्यं वापरू दिली नाहीत, ती तुम्ही आता परक्या लोकांना त्यांच्या नावावर वापरायला देता. मी रागावून बसायचं ठरवलं होतं. पण बुधवारी घाई माझ्याकडे आली आणि रागात खंड पडला.

स्टाफरूममध्ये मी एकटीच होते. ती दारातूनच म्हणाली, "मॅडम, त्या दिवशी तुम्ही माझ्याकडे बघतच नव्हता. कागदाकडे बघत होता. तुम्हाला कळलंय ना?"

"काय कळलंय?"

"मी लिहिला नाही ते."

मी तिला बसायला सांगितलं. मला वाटलं, आता वेळ मिळाला नाही, कामावर जावं लागतं, घरी अडचण आहे, असं काहीतरी ऐकायला मिळेल. ती म्हणाली, "वेळ होता. भीती होती. मी पहिलं वाक्य लिहायचे आणि खोडायचे. इतकं वाईट वाक्य कुणी लिहीत नसेल असं वाटायचं."

मग सांगितलं ते असं. निबंध हातात आल्यावर तिने तो घोकायला घेतला, कुणी विचारलंच तर सांगता यावं म्हणून. घोकता घोकता त्या 'माहीत नाही'पाशी अडकली. पैसे देऊन आणलेल्या निबंधात माहीत नाही? तिने संकेतस्थळावरून लेखकाकडे तक्रार केली. लेखकाने उलट तिलाच विचारलं, तुमच्या आसपास सरळ खणलेला एखादा चर, पाट, काही आहे का? असेल तर जाऊन बघा आणि मला कळवा. ती गेली. बघितलं. कळवलं. लेखकाने आणखी विचारलं. असं बरेच दिवस चाललं, आणि मग संकेतस्थळवाल्यांच्या लक्षात आलं.

आता तिला त्यांचे निरोप येताहेत. लेखकाशी परस्पर बोलणं नियमाबाहेर आहे. यापुढचं सगळं लिखाण आमच्याकडूनच घे, नाहीतर तुझ्या कॉलेजला कळवू. तिने मोबाइल माझ्यापुढे धरला. पण निरोप वाचून झाल्यावर तिने जे विचारलं ते भलतंच होतं.

"मॅडम, तो माणूस कोण असेल हो? मला त्याला उजवीकडची वाळू वाहून गेली ते सांगायचं राहिलं."

मी तिला काहीच सांगितलं नाही. तुम्हाला मात्र विचारते. तुम्ही मला आयुष्यात कधी "जाऊन बघ" म्हणाला नाहीत. "पुन्हा वाच" म्हणालात, "पुन्हा लिही" म्हणालात. तिला कसं म्हणालात? आणि हे सगळं तुम्ही का करत होता? रागावण्याआधी मला हे जाणून घ्यायचंय.

धाकटी


१७ मार्च

बाबा,

तुमचं पत्र बसमध्ये उघडलं आणि उतरायचा थांबा मागे गेला.

जुन्या सहकाऱ्याने 'सरावासाठी नमुना उत्तरं' म्हणून हे काम सुचवलं, आणि सुरुवातीला तुम्हालाही तसंच वाटलं, यावर माझा विश्वास आहे. मग एकाने लिहिलं की सरांना संशय येणार नाही इतपत चुका घाला, तेव्हा तुम्हाला कळलं. तुम्ही चुका घालायला नकार दिलात आणि लिहीत राहिलात. यावरही माझा विश्वास आहे. हे अगदी तुमच्यासारखंच झालं. चूक घालायची नाही एवढ्या तत्त्वावर तुम्ही केवढी मोठी चूक पोसलीत.

तुमची ती चार वाक्यं मी परत परत वाचते आहे : "तुझी आई गेल्यावर मला कुणी काही विचारेनासं झालं. तुझा दादा विचारतो ते जेवलात का आणि गोळी घेतली का. इथे सकाळी मशीन सुरू केलं की कुणीतरी विचारलेलं असायचं, वाळूची टेकडी कशी सरकते, विहिरीचं पाणी गोड का असतं. कोण विचारतंय आणि कशासाठी, हे मी बघायचं टाळलं."

वाचून वाईट वाटलं. राग मात्र गेला नाही. दोन्ही एकाच वेळी असतात, आणि कुठलं किती याचा हिशेब माझ्या संख्याशास्त्राला येत नाही.

इकडचं सांगते. मी अध्यक्षबाईंकडे जाऊन म्हणाले की निबंध लिहिणारा माझ्या ओळखीचा आहे, जवळचा आहे, तेव्हा या प्रकरणात मी बसू शकत नाही, माझ्या जागी दुसरं कुणी घ्यावं.

"जवळचा म्हणजे किती?"

"वडील."

त्यांनी पेनचं टोपण लावलं. मग म्हणाल्या, "नाव मी आत्ता विचारत नाही. ते त्यांनी सांगायचं की नाही, हे त्यांचं त्यांना ठरवू दे. पण मुलीचं काय?"

मुलीचं मुलीनेच ठरवलं. आम्ही दोघी कॉलेजच्या पायऱ्यांवर बसलो होतो. मी म्हणाले, तू हे सांगितलंस तर शिक्षा होईल, नाव काढूनही टाकतील, मला काही करता येणार नाही. तिने विचारलं, "नाही सांगितलं तर?" मी म्हणाले, तर बहुतेक सुटशील. ती बूट पायरीवर घासत बसली. मग म्हणाली, "आणि पुढच्या निबंधाला काय करू? परत त्यांच्याकडेच जाऊ? मला आता चरावर लिहायचंय, मॅडम. ते मला दुसऱ्या कुणाला द्यायचं नाहीये."

सुनावणी २८ तारखेला आहे. ती सगळं सांगणार आहे. तुमचं नाव तिला माहीत नाही, आणि मी ते सांगणारही नाही. तुम्ही या, असं मी म्हणत नाही. येऊ नका असंही म्हणत नाही. आलात तर विद्यापीठातला तुमचा मान जाईल, दादा माझ्याशी बोलणार नाही, आणि इतकी वर्षं तुम्हाला भिऊन वागलेले तुमचे विद्यार्थी चवीने बोलतील. नाही आलात तर कुणालाच कळणार नाही. हे सगळं मांडून झालं, आता मोकळी झाले.

घराचा पत्ता पाकिटाच्या मागे आहे. पूर्वीचं घर बदललंय.

धाकटी


२१ एप्रिल

बाबा,

सुखरूप पोचलात हे दादाकडून कळलं, म्हणजे वहिनीकडून. दादा अजून माझ्याशी बोलत नाही.

सुनावणीच्या खोलीत काय झालं ते तुम्ही मला सांगितलं नाहीत. मी बाहेरच्या बाकावर होते. तुम्ही हातात पिशवी घेऊन आत गेलात आणि बाहेर आल्यावर म्हणालात, "भूक लागलीय." बाकीचं काल अध्यक्षबाईंनी सांगितलं. तुम्ही नाव सांगितलंत, कुठे किती वर्षं शिकवलं ते सांगितलंत, आणि भूगोलाचे सर उभे राहिले, कारण ते तुमच्याच पुस्तकावर शिकले होते. तुम्ही त्यांना बसायला सांगितलंत. मग बाईंनी विचारलं, या मुलीचं तुम्ही काय नुकसान केलं असं तुम्हाला वाटतं? त्या म्हणाल्या, बचाव ऐकायची त्यांची तयारी होती. तुम्ही म्हणालात, "तिचं पहिलं वाईट वाक्य तिला लिहायचं होतं. ते मी तिच्या हातून काढून घेतलं. वाईट वाक्य लिहिल्याशिवाय पुढचं येत नाही. हे मला चाळीस वर्षं माहीत होतं."

घाई तेव्हा खाली मान घालून होती. हे ऐकून तिने वर पाहिलं आणि सगळ्यांदेखत म्हणाली, "सर, उजवीकडची वाळू वाहून गेली." तुम्ही विचारलंत, "कधी? पाणी वाढलं होतं का?" आणि अध्यक्षबाईंना टेबलावर पेन आपटावं लागलं. बाई म्हणाल्या, इतक्या वर्षांत त्यांना पेन आपटायची वेळ आली नव्हती.

निकाल असा लागला. त्या विषयात तिला शून्य, पुढच्या वर्षी विषय परत घ्यायचा, आणि नोंद कायम राहील. काढून टाकलं नाही. धमकीचे सगळे निरोप कॉलेजने वकिलाकडे दिलेत. तुमचा खुलासा अध्यक्षबाईंनी तुमच्या विद्यापीठाला पाठवला. तिथून तुम्हाला काय पत्र आलं तेही वहिनीने वाचून दाखवलं. मानद प्राध्यापक म्हणून असलेलं तुमचं नाव काढलंय आणि यंदाचं व्याख्यान रद्द केलंय. तुम्ही ते पत्र वाचून पाकिटात ठेवलंत आणि भाजी निवडायला बसलात म्हणे. तुम्हाला किती लागलं असेल, त्याचा अंदाज मला त्या भाजीवरून आला. तुम्ही कधी भाजी निवडत नाही.

माझ्याकडे राहिलात त्या दिवसांतलं एकच लिहिते. दुपारी मी भांडी घासत होते, तुम्ही पुसत होता. मी विचारलं, माझ्या अहवालातली तुमची वाक्यं नेमकी कोणती होती? तुम्ही म्हणालात, "आता सांगता यायचं नाही."

"आणि तेव्हा?"

"तेव्हाही आलं नसतं." ताट कोरडं झालं होतं तरी तुम्ही पुसत राहिलात. "मी नुसता बोलत होतो, गं. तू ते लिहिलं होतंस. माझ्यापेक्षा नीट लिहिलं होतंस. मला ते झेपलं नाही."

मी नळ बंद केला नाही. पुढचं ताट घासून तुमच्या हातात दिलं. पण त्या दिवसापासून मला झोप चांगली लागते, एवढं तुम्हाला कळायला हवं.

घाईने चरावर लिहायला घेतलंय. कुणी मदत करायची नाही अशी तिने स्वतःच अट घातली आहे, आणि भूगोलाचे सर ती कशीबशी पाळताहेत. काल कॉरिडॉरमध्ये तिने मला पहिलं वाक्य वाचून दाखवलं : "नदी सरळ जात नाही हे सर्वांना माहीत आहेच, पण चरही सरळ जात नाही हे कमी जणांना माहीत आहे."

"कसं आहे?" तिने विचारलं.

"वाईट आहे," मी म्हणाले.

"माहितीये," ती म्हणाली आणि वही बगलेत मारून पळाली.

रविवारी मी तिच्याबरोबर लाँड्रीमागे जाणार आहे. इतकी वर्षं मी पाण्याजवळ गेलेले नाही, पुलावरून जातानासुद्धा दुसरीकडे बघायचे. चिखलात चालतील असे बूट आज घेतले. तुम्हाला सांगण्यासारखं काही दिसलं तर कळवीन. नाही दिसलं तर तेही कळवीन.

तुमची,
धाकटी